शिवणपेटी: कोरोमंडलची की चंदनाची?
कोल्हापुरातील घरासाठी जुनी कप्पेदार शिवणपेटी घ्यायची झाल्यास व्हिक्टोरियन काळातील इंग्रजी पेटी आणि विशाखापट्टणमची पेटी यांत निवड करता येते. इंग्रजी पेटीच्या साध्या लाकडावर श्रीलंकेतील कोरोमंडल या आबनुसाच्या जातीतील पट्टेदार लाकडाचा पातळ पापुद्रा सरसाने चिकटवलेला असतो आणि येथील पावसाळ्यातील दमट हवेत तो सुटण्याची भीती असते. तरीही रिळे, अंगुस्तान व सुया यांचे स्वतंत्र खण असलेला आतला उचलता ट्रे मला अधिक मोहवतो. विशाखापट्टणमची पेटी सुगंधी चंदनाची. परंतु तिच्यावर बहुधा हस्तिदंत असतो आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्याचा व्यापार निषिद्ध आहे. त्यामुळे बाजारातून इंग्रजी पेटीच घ्यावी, मात्र रिळांच्या शिंपल्याच्या टोप्या मूळच्या आहेत ना, हे पाहून.