घडीव की ओतीव, चौदा की सात: चोपड्याच्या रानातून गोल्फचे क्लब निवडताना

आमच्या बैठकीत दाराआड गोल्फच्या क्लबांचे, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांचे, तीन सेट उभे आहेत. त्यातले दोन घ्यायलाच नको होते. मागच्या आठवड्यात चाळीसगावहून मेहुण्याचा फोन आला, "दाजी, पुण्याला एक जण जुना सेट काढतोय, स्वस्तात देतो म्हणतो. घेऊ की नवा बघू? आणि शिकवणीला जाऊ की मोबाइलवर भागेल?" अर्धा तास बोललो, तरी निम्मंच सांगून झालं. उरलेलं इथे लिहितो.

खान्देशात बसून हा खेळ खेळणाऱ्याची अडचण पुण्या-मुंबईच्या माणसाहून वेगळी आहे. तो मनात आलं की हिरवळीवर जातो. मी महिन्यातून एकदा जळगावहून रेल्वे पकडून पुण्याला जातो आणि बाकीचे दिवस पऱ्हाट्या उपटलेल्या काळ्या रानात चेंडू मारतो. नाशिकला रिक्षावाल्याला "गोल्फ क्लब" म्हटलं, तर त्याने त्याच नावाच्या मैदानावर नेऊन सोडलं, आणि तिथे रणजीचं क्रिकेट होतं. तेव्हा पुढचं सगळं या हिशेबानेच वाचा.

जुना ब्लेड की कॅव्हिटी बॅक

माझं शेती-अवजारांचं दुकान आहे. घडीव काय आणि ओतीव काय, हे मला वस्तू हातात घेतली की कळतं. त्याच तोऱ्यात पहिला सेट घेतला. एका निवृत्त गृहस्थांचा, घडीव पोलादाचा, पातळ पात्याचा, आरशासारखा चकचकीत. असल्या आयर्नला, म्हणजे धातूच्या पात्याच्या क्लबला, ब्लेड म्हणतात. किंमत ऐकून वाटलं, लॉटरी लागली. जानेवारीच्या थंडीत पहाटे पहिला चेंडू पात्याच्या टोकाला लागला आणि झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या. चेंडू गेला साठ-सत्तर यार्ड, तोही उजवीकडे.

नंतर उमगलं की घडीव-ओतीव हा प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न वजन कुठे ठेवलंय हा. ब्लेडमध्ये ते मधोमध गोळा झालेलं असतं. मधोमध लागलं तर लोण्यासारखं, बोटभर सरकलं की पातं हातात फिरतं. कॅव्हिटी बॅकची पाठ कोरून ते वजन कडांना नेलेलं असतं. दोरावर चालणारी डोंबाऱ्याची पोर हातात लांब काठी का धरते? वजन दोन टोकांना असलं की वस्तू सहजासहजी फिरत नाही. जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर कार्स्टन सोल्हाइम याने 1959 साली घरच्या गॅरेजमध्ये याच तत्त्वावर पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा क्लब, बनवला. चेंडूला लागताना तो "पिंग" वाजायचा, म्हणून कंपनीचं नावही पिंग. पुढे हीच युक्ती आयर्नमध्ये आली. आज घडीव कॅव्हिटी बॅकही मिळतात, म्हणजे माझ्या दुकानदारीच्या ज्ञानाचा इथे काडीचा उपयोग नव्हता.

आपला चेंडू पात्यावर नेमका कुठे लागतो हे बघायला कुठलंही यंत्र लागत नाही. पात्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि दहा चेंडू मारा. डाग रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पडत असतील तर खुशाल ब्लेड घ्या. माझे डाग पात्यावर गोवर उठल्यासारखे होते.

दुकानात मात्र एका गोष्टीला फसू नका. विक्रेता नव्या सेटमधला सात नंबरचा आयर्न हातात देतो, चेंडू तुमच्या जुन्या सात नंबरपेक्षा पंधरा यार्ड पुढे जातो आणि आपण खिसा सैल करतो. जुन्या पद्धतीच्या सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे पात्याचा कल, 34 अंशांच्या आसपास असायचा. नव्या, सोप्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सेटमध्ये तोच नंबर 28 ते 30 अंशांना येतो, आणि कल कमी की चेंडू लांब. म्हणजे तुमच्या हातात जवळपास जुना सहा नंबर आहे, फक्त तळाला सात कोरलेला. फसवणूक म्हणणार नाही, कारण चेंडू उंच जावा अशी रचनाही त्यात असते. पण त्याचा हिशेब खालच्या टोकाला चुकता करावा लागतो. जवळच्या उंच फटक्यांचे क्लब म्हणजे वेज. त्यातला पिचिंग वेज 44 अंशांवर आलेला असतो आणि वाळूतून चेंडू काढायचा सँड वेज 56 वर. मधल्या बारा अंशांच्या खड्ड्यात तुमचा शंभर यार्डांचा फटका पडतो आणि तो बुजवायला 50 अंशांचा आणखी एक वेज घ्यावा लागतो. म्हणून तुलना नंबरांची करू नका, अंशांची करा.

मेहुण्याला पहिलं उत्तर हेच दिलं. जुना चालेल, पण ब्लेड नको. नव्या ब्रँडेड आयर्न सेटच्या पैशांत बरी जुनी मोटारसायकल येते, तेव्हा पाच-सात वर्षं वापरलेला कॅव्हिटी बॅक मला सगळ्यात शहाणपणाचा सौदा वाटतो. पोलाद म्हातारं होत नाही. फक्त ग्रिपचं रबर कडक झालेलं असतं, ते बदलून घ्यायचं.

दांडा: स्टील की ग्रॅफाइट

कुदळीचं पातं कितीही चांगलं असलं तरी दांडा जड झाला की मजूर दुपारी बसतो, हे मी गिऱ्हाइकांना वीस वर्षं सांगतोय. स्वतः मात्र पहिल्या सेटमध्ये स्टिफ, म्हणजे कडक, स्टीलचे शाफ्ट (दांडे) उचलून आणले. स्टीलचा शाफ्ट साधारण 95 ते 130 ग्रॅमचा, आयर्नमधला ग्रॅफाइट बहुधा 50 ते 80 चा. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याचा क्लब, फिरवण्याचा वेग ताशी 85 ते 95 मैल असेल तर रेग्युलर, त्याच्या वर स्टिफ, खाली असेल तर आणखी लवचीक सीनियर, असा ढोबळ आडाखा आहे. चाळिशीनंतर सुरू करणाऱ्या आपल्यासारख्यांना बहुतेक वेळा रेग्युलरच लागतो. शाफ्ट फार कडक असला की चेंडू खालून आणि उजवीकडे जातो आणि दोष आपण स्विंगला देत बसतो. माझी सहा महिने हीच गत होती.

कोपर दुखत असेल तर ग्रॅफाइट, डोळे झाकून. नसेल तर हलकं स्टील स्वस्त पडतं. याहून जास्त खल करण्यात मला राम वाटत नाही.

चौदा की सात

नियमाने पिशवीत जास्तीत जास्त चौदा क्लब चालतात. अमेरिकेत ही मर्यादा 1938 साली आली, कारण काही खेळाडू वीस-पंचवीस क्लब घेऊन फिरायला लागले होते. त्याआधी, 1916 साली, चिक इव्हान्स या हौशी खेळाडूने गोल्फची यूएस ओपन जिंकली ती फक्त सात क्लबांवर. पिशवी खांद्यावर घेऊन जनरल डब्यात चढणाऱ्या माणसाला ही गोष्ट फार धीर देते.

माझ्या पिशवीत आता पाच नंबरचा वुड (जाड डोक्याचा, लांब फटक्याचा), एक हायब्रिड (वुड आणि आयर्न यांचा मेळ), सहा आणि आठ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर एवढंच आहे. तीन-चार नंबरचे लांब आयर्न माझ्याच्याने कधीच उडाले नाहीत, त्यांच्या जागी हायब्रिड. सातात तोटा हा की 140 यार्डांवर कधी कधी हातात नेमका क्लब नसतो. पण मला तिथे दहा यार्डांचा अचूकपणा जमतो कुठे? चौदा असले की चूक झाली की आधी क्लबवर शंका येते, सात असले की आपल्यावर येते. ज्याला आठवड्यातून तीनदा कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या मैदानावर, जायला मिळतं त्याने चौदा घ्यावेत.

ड्रायव्हर सध्या मी घरीच ठेवतो. घ्यायचाच असेल तर साडेदहा अंशांच्या खालचा घेऊ नका. पटरवर मात्र कंजूषी नको. पार म्हणजे अपेक्षित फटके. त्या हिशेबात प्रत्येक होलला पटरचे दोन फटके धरलेले असतात, म्हणजे अठरा होलच्या 72 पैकी 36. सराव घरी होतो, पण कोटा फरशीवर नको. तिथे चेंडू थांबतच नाही. सतरंजी अंथरा.

वेज आणि काळी माती

हा भाग मला कुठल्याही दुकानात कोणी सांगितला नाही. वेजच्या तळाला एक फुगवटा असतो, त्याच्या कोनाला बाउन्स म्हणतात. वखराची पास, म्हणजे पातं, ज्याने लावली आहे त्याला हे चटकन कळेल. पास जरा उभी लावली की रुतते, आडवी लावली की वरवर सरकते. कमी बाउन्स, म्हणजे चार ते सहा अंश, रुततो. जास्त, म्हणजे बारा-चौदा, सरकतो.

आता आपली जमीन बघा. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला टेकतो आणि काळं रान सिमेंटसारखं होतं. तिथे चौदा बाउन्सचा सँड वेज मारला की तळ जमिनीवरून उसळतो आणि पात्याची धार चेंडूच्या पोटात बसते. चेंडू उंच उडून वीस यार्डांवर पडायचा तो शंभर यार्ड सरपटत जातो. आषाढात उलटं. चिखल असा की कमी बाउन्सचा वेज रुतला की दोन्ही हातांनी उपटावा लागतो. पाणी दिलेल्या कोर्सवर आठ-दहा बाउन्स मधला आणि सुखाचा.

मग घ्यायचा कोणता? मी आधी सरावाच्या जागेप्रमाणे घेतला, सहाचा, आणि पुण्याच्या मऊ वाळूत तो असा गाडला गेला की बरोबरचे लोक हसले. आता दहाचा आहे. क्लब जिथे खेळतो तिथल्या मातीसाठी घ्यावा. रानाशी जुळवून घ्यायला मी उन्हाळ्यात वेजचा सराव शेणाने सारवलेल्या खळ्याच्या कडेला, जिथे जरा गवत असतं, तिथेच करतो.

उन्हाळ्यातली आणखी एक गंमत. गोल्फचा चेंडू कमीत कमी 42.67 मिलिमीटर व्यासाचा असतो आणि आमच्या रानातल्या भेगा त्याहून रुंद. दर मेमध्ये डझनभर चेंडू पाताळात जातात. नांगरट झाली की त्यातले काही वर येतात.

मॅट की माती

कृत्रिम गवताची मॅट आणि जाळी गच्चीवर लावून मिळते, आणि बरेच जण तिथेच अडकतात. मॅट गोड बोलते. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे पडला तरी तो घसरत जाऊन चेंडूला लागतो, आवाज छान येतो. माती तोंडावर सांगते. रानात रांगोळीची एक रेघ ओढा, चेंडूविना वीस वेळा क्लब फिरवा आणि धूळ कुठे उडते ते बघा. खूण रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला पडली पाहिजे. माझ्या पहिल्या वीसपैकी सतरा मागे होत्या. शेजारच्या वावरातले आबा बांधावर उभे राहून हे बघत होते. "हाई काय शे भो, कुदयी शे का?" म्हणाले. मी क्लब त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा तोलून पाहिला, कमरेतून वळले आणि पहिल्याच फेऱ्यात रेघेच्या पुढे माती उडवली. सत्तर वर्षं कुदळ मारलेल्या माणसाला, वजन हातांनी ओढायचं नसतं, ते पडू द्यायचं असतं, हे कोणी शिकवावं लागत नाही.

रानात मारताना समोर अडीचशे यार्ड मोकळं आहे आणि शेजारी निंदणीला बायका नाहीत, हे आधी बघा. सेहेचाळीस ग्रॅमचा चेंडू डोक्यात बसला तर जीव जाऊ शकतो.

शिकवणी की मोबाइल

माझा रोग स्लाइस. चेंडू सरळ निघतो आणि केळीच्या पानासारखा उजवीकडे वाकतो. मोबाइलवर यावर इतके इलाज आहेत की एका आठवड्यात मी नऊ करून पाहिले. कोणी म्हणे डोकं हलवू नका, कोणी म्हणे कोपर चिकटवा. प्रत्येक इलाज दहा चेंडू चालायचा.

शेवटी पुण्यात एका प्रशिक्षकाकडे एक तास घेतला. त्याने माझे चार चेंडू पाहिले आणि म्हणाला, "सर, क्रिकेट खेळायचात ना?" आपण सगळे टेनिस बॉलवर वाढलेलो. सरळ ड्राइव्ह मारताना बॅटचं तोंड चेंडूच्या रेषेत धरून ठेवायचं, मनगट वळू द्यायचं नाही, हे अंगात मुरलेलं. गोल्फमध्ये तसं धरून ठेवलं की क्लबचं तोंड उघडं, म्हणजे क्लबच्या वाटेच्या उजवीकडे वळलेलं, राहतं. चेंडू निघतो तो मुख्यतः तोंड जिकडे असेल तिकडे, आणि वळतो तो तोंड आणि क्लबची वाट यांच्यातल्या फरकाने. त्या तासात त्याने फक्त डावा हात ग्रिपवर थोडा उजवीकडे फिरवला, वरून बघताना बोटांची दोन पेरं दिसतील इतका. बाकी कशालाही हात लावला नाही. "महिनाभर एवढंच करा, आणि तोवर नवा क्लब घेऊ नका," एवढं मात्र बजावलं. नवीन पकड पंधरा दिवस दुसऱ्याचा जोडा घातल्यासारखी वाटली.

मोबाइल निरुपयोगी नाही, पण तो वैद्य नव्हे, थर्मामीटर आहे. रोग माहीत असेल तर ताप उतरतोय का ते सांगतो. मागून चित्रीकरण करताना तो हातांच्या उंचीवर आणि हातांच्या रेषेत ठेवा. जरा डावी-उजवीकडे सरकला तर चांगली वाट वाकडी दिसते आणि वाकडी चांगली. स्लो मोशन लावा आणि एका वेळी एकच गोष्ट बघा.

मेहुण्याचं बजेट ऐकून मी हिशेब असा मांडला: वापरलेला कॅव्हिटी बॅकचा अर्धा सेट, आणि उरलेल्या पैशांत पुण्याचे चार तास, महिन्याला एक. त्याला नवा सेट आणि मोबाइल हवा होता. अजून ठरलेलं नाही.

आणि एक राहिलंच. मेमध्ये सेट गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात डिकीची भट्टी होते आणि पातं शाफ्टला धरून ठेवणारा गोंद हळूहळू सुटतो. माझ्या त्या चकचकीत ब्लेड सेटमधला आठ नंबर गेल्या वर्षी असाच तापला होता. संध्याकाळी जोर लावून फिरवला, हातात नुसता दांडा राहिला आणि डोकं शेजारच्या केळीच्या बागेत गेलं. आयुष्यातला माझा सगळ्यात सरळ फटका तोच. बाग आता कापणीला आलीय. बागवाल्याला सांगून ठेवलंय, सापडलं तर विळ्याच्या धारेला जपा.