युद्धात अडकलेलं पाकीट की सीमेवर चुकलेलं कार्ड?

निपाणीचा एक मुलगा परवा घरी आला. तिकिटांचा नाद जुना, आता कव्हरांकडं, म्हणजे टपालातून गेलेल्या अख्ख्या पाकिटा-कार्डांकडं, वळायचं म्हणतो. "काका, युद्धामुळं अडकलेलं टपाल जमवू की सीमा बदलल्या तेव्हाचं? दोन्ही काही खिशाला झेपायचं नाही." मी दोन्ही करून बघितलंय. एक सोडलं, एक धरलं. तिकीट पाकिटावरून सोडवायचं नसतं, हे वाचणाऱ्याला ठाऊक आहे असं धरून चालतो. (शाळेत असताना आजोबांच्या पेटीतली पाकिटं कात्रीनं कापून मी तिकिटं बशीत भिजवली होती. तो विषय नको.)

युद्धाची कव्हरं आधी घेतो, कारण भुरळ त्यांचीच पडते. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून गेलं, आणि इकडून तिकडं निघालेली पत्रं मधेच खोळंबली. अशा पाकिटावर सेन्सॉरनं उघडून पुन्हा बंद केल्याची चिकटपट्टी, सेवा बंद असल्याचा शिक्का, परत आल्याची तारीख, सगळं एकाच कागदावर सापडतं. बेळगावच्या माणसाला तर ओढ जास्तच. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आमच्या कॅम्पात. इटलीच्या आघाडीवर यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती हीच रेजिमेंट. सैनिकाच्या पत्रावर गावाचं नाव नसतं, फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे फौजेबरोबर फिरणाऱ्या टपाल कचेरीचा, नुसता नंबर असतो. तो नंबर त्या महिन्यात कुठं होता हे यादीत शोधत बसायचं. रात्रीचे दोन कधी वाजले कळत नाही. १९७१ चंही तसंच. लढाईनं पाकिस्तानशी टपाल तुटलं ते १९७४ मध्ये पुन्हा जुळलं. त्या मधल्या काळातलं, मामाला कराचीला लिहिलेलं आणि न पोचलेलं पत्र हातात घेतलं की माणूस गप्प होतो, हे मान्य.

मग सोडलं का? एका रबरी शिक्क्यापायी.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातल्या टेबलावर मला १९४२ चं पाकीट मिळालं. पत्ता रंगूनचा, वर जांभळ्या शाईत 'सर्व्हिस सस्पेंडेड'. अडीच हजार मोजले. बायकोला पाचशे सांगितले. महिनाभर ते पाकीट येईल त्याला दाखवलं. एकदा दुपारी खिडकीच्या उजेडात भिंग धरलं तेव्हा दिसलं की पाकिटाला मधोमध जुनी घडी आहे, कागदाचा वरचा पापुद्रा तिथं फुटलाय, आणि जांभळी शाई त्या फुटीत उतरून आतल्या तंतूंत पसरलीय. शिक्का आधी आणि घडी नंतर असती तर शाई घडीवर तुटायला हवी होती. इथं उलटं होतं. पाकीट खरं, तिकीट खरं, रंगूनचा पत्ताही खरा असावा, पण त्याची किंमत ज्या एका शिक्क्यानं केली होती तो माझ्या अंदाजानं कुणीतरी पुढं कधीतरी बसून मारलेला. विकणाऱ्यालाही कदाचित ठाऊक नसेल. मी परत करायला गेलो नाही.

खरा त्रास पुढं सुरू झाला. घरातल्या प्रत्येक युद्ध-कव्हराची घडी मी तपासायला लागलो. नवं पाकीट हातात आलं की आधी संशय, मग आनंद; आणि आनंदापर्यंत पोचेतो चहा गार. १९७१ च्या निर्वासित-मदत तिकिटांचं हेच. १५ नोव्हेंबरपासून टपालावर ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागे; छापील तिकिटं पुरेशी पोचेपर्यंत ठिकठिकाणी कुटुंब नियोजनाच्या तिकिटावर हातानं शिक्के मारून भागवलं. हातशिक्क्याची नक्कल सोपी, त्यामुळं त्यातही बनावट माल भरपूर. ज्याची नजर पक्की, ज्याला विचारायला जाणता माणूस आहे, त्यानं खुशाल जमवावं. माझ्या स्वभावाला ते मानवलं नाही, एवढंच.

आता सीमेची. यात दिसायला काहीच नसतं, हे आधी सांगतो. माझ्या आत्याची कार्डं बघा. आत्या चंदगडला, वडील बेळगावजवळच्या गावात. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत दोघं एकाच जिल्ह्यात, एकाच मुंबई राज्यात. दुसऱ्या दिवशी राज्य पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यातच राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. दोघांपैकी कुणी घर सोडलं नाही. कार्डाच्या डोक्यावर मात्र आत्या 'ता. चंदगड, जि. बेळगाव' लिहायची, ते 'जि. कोल्हापूर' झालं. एका कार्डावर सवयीनं आधी बेळगाव लिहून मग खोडलंय. ती एक रेघ मला सिंगापूरच्या शिक्क्याएवढी वाटते. तुम्हाला वाटेलच असं नाही.

आणि एक कार्ड खरंच भरकटलेलं आहे. कुणीतरी पत्त्यात गाव लहान अक्षरात आणि 'म्हैसूर' ठळक लिहिलं. म्हैसूर राज्यही आणि शहरही! कार्ड पार म्हैसूरला जाऊन, तिथला शिक्का खाऊन, सहा दिवसांनी घरी आलं. आत मजकूर काय, तर बी-भाताचं पोतं एस.टी.नं पाठवतोय, उतरवून घ्या. पोतं चार दिवस आधी येऊन पडलं होतं, असं वडील सांगायचे.

अशा कार्डाचं बनावट कोण करणार? बाजारात वीस रुपये येत नाहीत. पुरावा शिक्क्यात नसून पत्ता लिहिणाऱ्याच्या अक्षरात असतो, शाई तारखेच्या शिक्क्याखाली असते, आणि वर कालगणनेचा ताळा लागतो. आणे-पैचा हिशोब ३१ मार्च १९५७ ला संपला, दुसऱ्या दिवसापासून नवे पैसे. म्हणजे आण्याचं तिकीट आणि 'म्हैसूर राज्य' असा पत्ता ही जोडी मुख्यतः पाच महिन्यांची. जुनी तिकिटं पुढंही थोडी चालली, म्हणून तारीख वाचावीच. सहा आकडी पिन कोड दिसला तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. कुणी 'कर्नाटक' लिहिलं असेल तर बहुतेक १ नोव्हेंबर १९७३ नंतरचं. भिंगाआधी पंचांग लागतं.

तोटे आहेत. प्रदर्शनात या फ्रेमपुढं कुणी थांबत नाही. विकायला गेलात तर हसतील. शिवाय आमच्याकडं पत्रं आकड्याच्या तारेला ओवायची पद्धत, त्यामुळं निम्म्या कार्डांना मधोमध भोक. डीलर त्याला खराब माल म्हणतो. मला ते भोकच बरं वाटतं. कार्ड एका घरात राहिलं याची ती खूण. एक गोष्ट मात्र या तारेवर सापडणार नाही. मृत्यूची बातमी आणणारं पत्र वाचून लगेच फाडायचं असतं, त्यामुळं प्रत्येक घराच्या तारेत ठरावीक जागी खंड पडतो. आत्याच्या कार्डांतही १९५८ चे काही महिने नाहीत.

अगदीच ठरत नसेल तर गोवा बघावा. तिथं युद्धही आहे, सीमाही आहे, आणि चोर्ला घाट उतरला की पोचलंच. डिसेंबर १९६१ च्या गोवा मुक्तीच्या कारवाईसाठी फौज बेळगावच्याच परिसरात गोळा झाली होती. त्याआधीची तिकिटं पोर्तुगीज, त्यातही १९५९ पासून रुपया-टांगा हे तिथलं जुनं चलन जाऊन पोर्तुगालचे एस्कुदो आलेले; महिनाअखेर भारतीय तिकिटं सुरू झाली. माझ्याकडं एकच पाकीट आहे, तिकीट भारतीय आणि शिक्का अजून पोर्तुगीज अमलातला. महाग पडलं. घडी तपासली, हे सांगायला नकोच.

मुलानं सगळं ऐकून घेतलं. त्याचा कल सिंगापूरकडंच दिसला, वयच तसं. अडवलं नाही. मग आत्याचं खोडलेलं कार्ड त्याच्या हातात दिलं, तर तो तारेच्या भोकातून खिडकीकडं बघत बसला. जरा वेळानं उठून बाहेर व्हरांड्यात गेला आणि फोन लावला. "आई, माळ्यावर आजीची पत्रांची तार होती की. रद्दीवाल्याला दिली नाहीस नव्हं?"