तारकर्ली-मालवणचं चार रात्रींचं पॅकेज: नागपूरहून बुक करण्याआधी

धरमपेठ-सीताबर्डीतल्या टूरवाल्यांकडे मिळणारं तारकर्लीचं पॅकेज साधारण एकाच साच्याचं असतं. चार रात्री, एका सकाळी सिंधुदुर्ग किल्ला, एका दिवसात स्कूबा, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड आणि बनाना राइड, उरलेला वेळ किनारा आणि मासे. जागेला पाचपैकी पाच. पॅकेजला, जसं विकलं जातं तसं, अडीच. बुकिंग करताना काही गोष्टी नेटाने मागून घेतल्या तर तेच पॅकेज चारपर्यंत जातं, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना जास्तीचा पैसा लागत नाही.

ताडोब्याची शिस्त आपल्या अंगवळणी पडली आहे. कुठल्या गेटवरून किती जिप्सी सोडायच्या ते ठरलेलं असतं, गाइडशिवाय गाडी आत जात नाही, मंगळवारी कोअर बंद. त्यातून जंगलालाही उसंत मिळते आणि मोहर्लीसारख्या गावातल्या घरांत पगारही येतो. मालवणलाही अभयारण्य आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, आणि किल्ल्याभोवतीचे खडक त्याच्या गाभ्यात येतात. पण समुद्राला गेट लावता येत नाही. बोट कुठे थांबेल, नांगर कशावर पडेल, माशांना काय खायला घातलं जाईल, हे बरंचसं बोटीत बसलेलं गिऱ्हाईक काय मागतं यावर ठरतं. म्हणून या परीक्षणात खोलीतल्या टीव्हीपेक्षा नांगराला जास्त जागा दिली आहे.

पॅकेजमध्ये ज्याला 'स्कूबा' म्हणतात ते प्रत्यक्षात ओळखीचं डायव्हिंग असतं. खोली काही मीटर, पाण्याखाली जेमतेम पाव तास, आणि प्रशिक्षक पूर्ण वेळ धरून. पोहता येण्याची अट नसते. उतरण्याआधी उथळ पाण्यात चार गोष्टी शिकवल्याच पाहिजेत: तोंडातला रबरी तुकडा दातांत हलका धरून फक्त तोंडाने श्वास घ्यायचा, कानाला दडा बसायच्या आत नाक चिमटीत धरून हळू फुंकर मारायची, आणि दर मीटरभर खाली गेल्यावर पुन्हा मारायची, मास्कच्या कडेखाली केस राहू द्यायचा नाही, पाणी तिथूनच शिरतं, आणि खुणा. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नाही, 'मला वर न्या'. ठीक असल्याची खूण अंगठा आणि तर्जनीच्या गोलाची. नागपूरकर उत्साहात अंगठा दाखवतात आणि पाव तासाचं डायव्हिंग दोन मिनिटांत आटोपतं. सर्दी असेल तर उतरू नका, दाब सारखा होत नाही आणि कानाच्या पडद्याला इजा होते. दमा, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर आधीच सांगा. दहा वर्षांखालच्या मुलांना घेणारा बोटवाला 'सोयीचा' वाटला तरी टाळा.

आता नांगर. किल्ल्याजवळच्या खडकांवर पोराइट्ससारखी गोट्यांच्या आकाराची प्रवाळं आहेत. ती वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे फुटबॉलएवढा गोटा व्हायला दहा-अकरा वर्षं सहज लागतात, कारण आतल्या केंद्रापासून तो सगळीकडे वाढत जातो. त्यावर लोखंडी नांगर पडून दोरी ताणली की गोटा एका फेरीत फुटतो. एका जागेवर दिवसभर बोटी येत राहिल्या तर काय होतं, ते पाण्यात मान घातली की दिसतं: पांढरट चुरा, त्यावर शेवाळ, आणि चुरा लाटेबरोबर हलत असल्याने त्यावर नवं प्रवाळ रुजत नाही. यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे. वाळूच्या पट्ट्यात सिमेंटचा जड ठोकळा कायमचा टाकायचा, त्याला दोर, दोराला तरंगता बोया, आणि बोटीने बोयाला बांधून घ्यायचं. दोर घासून झिजतो, त्यावर शंख-शिंपले बसून तो जड होतो, म्हणून दर मोसमाआधी तो तपासावा लागतो. फोनवर एवढंच विचारा: 'बोट बोयाला बांधता की नांगर टाकता? टाकत असाल तर वाळूवर की खडकावर?' ज्याला हा प्रश्न कळतो तो बोटवाला बहुतेक बाकीच्या बाबतींतही बरा निघतो.

दुसरी मागणी पाव न टाकण्याची. फोटोत मासे भरपूर यावेत म्हणून पाण्यात ब्रेड किंवा बिस्किटं कुस्करली जातात. एरवी हेच मासे खडकावरचं शेवाळ खातात. आयता पाव मिळाला की ते सोडतात आणि शेवाळ प्रवाळावर चढतं. ब्रेड नको म्हणून आधीच सांगा. व्हिडिओत मासे थोडे कमी येतील, येऊ द्या. खडकावर गुडघे टेकून फोटो काढू नका. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला. थायलंडने २०२१ साली सागरी राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली, ती प्रवाळासाठीच.

थायलंडचं पॅकेजही याच टूरवाल्यांकडे मिळतं म्हणून सांगतो. तिथली माया खाडी गर्दीने इतकी झिजली की जून २०१८ मध्ये बंद करावी लागली आणि जानेवारी २०२२ मध्ये उघडली. आता बोटी खाडीत शिरू देत नाहीत, बेटाच्या मागच्या बाजूला लावतात. फिलिपिन्सचं बोराकाय बेट सांडपाण्यापायी २०१८ साली सहा महिने बंद राहिलं. त्या सहा महिन्यांत चूल कशी पेटली असेल हे हॉटेलातल्या वाढप्यालाच विचारावं लागेल. किनारा बिघडला की आधी उत्पन्न जातं, आणि ज्याची दुसरीकडे शाखा नाही त्याचं सगळ्यात आधी.

राहण्याची जागा हा पॅकेजचा सगळ्यात कच्चा भाग. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. गोडं पाणी म्हणजे या वाळूत मुरलेला पाऊस, जो खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतो. ढोबळ हिशेब असा की समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली त्याचा थर सुमारे चाळीस फूट असतो. उपसा करून ते अर्धा फूट उतरवलं की खारं पाणी वीस फूट वर सरकतं. मग शेजारच्या घराची विहीर मचूळ होते, माडांनाही झळ लागते, आणि एकदा खारी झालेली विहीर पाऊस धुऊन काढेपर्यंत तशीच राहते. पोहण्याचा तलाव, टब आणि रोज बदलणाऱ्या चादरी असलेलं रिसॉर्ट अशा पट्टीवर मागणं म्हणजे त्या विहिरीतून मागणं. समुद्र पन्नास पावलांवर असताना तलाव हवाच कशाला?

पर्याय भरपूर आहेत. राज्याच्या पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदवलेली घरं तारकर्ली, देवबाग, वायरी या गावांत आहेत. खोल्या साध्या, पाणी बादलीचं, सकाळी घावणे किंवा आंबोळी, दुपारी बांगडा नाहीतर सुरमई आणि सोलकढी. पैसे थेट त्या घरात जातात. टूरवाल्याला सांगा की मुक्काम घरगुती हवा. कमिशन कमी मिळतं म्हणून तो आधी रिसॉर्टच पुढे करेल. दोन गोष्टी मात्र तपासा: शोषखड्डा विहिरीपासून लांब आहे का, आणि ओला कचरा कुठे जातो. जेवण आदल्या रात्री सांगा, म्हणजे सकाळच्या लिलावातून ताजं आणता येतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका.

किनाऱ्यावर गाडी घालू नका, चालक कितीही आग्रह करो. वाळूवर पसरलेली जांभळ्या फुलांची मर्यादवेल दिसते ना, तीच वाळू धरून ठेवते. चाकाखाली ती मेली की पुढच्या पावसाळ्यात किनारा आत सरकतो. हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. रात्री वाळूत टॉर्च आणि मोठे दिवे नकोत. रापण ओढली जात असेल तर पोहणं आणि जेट-स्की दोन्ही तिथून लांब. ती माणसं तुमच्या करमणुकीसाठी जाळं ओढत नसतात.

सुरक्षिततेत तडजोड नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. बोटीवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासी-क्षमता लिहिलेली असते, ती वाचा आणि डोकी मोजा. लाइफ जॅकेटचे सगळे बकल लावून खांद्याला धरून वर ओढून पाहा. कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या. त्सुनामी आयलंड हा नदीच्या मुखाशी असलेला वाळूचा दांडा आहे. भरतीची वेळ विचारल्याशिवाय तिथे उतरू नका, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर नाहीच.

तारखा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. नागपूरच्या उन्हाला कंटाळून मेमध्ये जाणं सगळ्यात वाईट, लाटा वाढलेल्या, पाणी गढूळ, गर्दी कळसाला. मेअखेरीपासून ३१ ऑगस्टपर्यंत पाण्यातले खेळ बंदच असतात. नाताळचा आठवडा सोडून जानेवारीतला सोमवार ते गुरुवार पकडा आणि स्कूबाची पहिली फेरी घ्या, सकाळी साडेसातची. दहानंतर एकाच खडकावर दहा बोटी असतात.

जाण्यासाठी मडगावची विशेष गाडी कुडाळला उतरवते. ती विशेष म्हणून चालत असल्याने मुदत बघूनच परतीचं ठरवा. विमानाने गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरून पुढे गाडीने साधारण दोन तास. विमानवाल्यांनी पॅकेजचा शेवटचा दिवस नीट वाचावा: सकाळी स्कूबा आणि दुपारी उड्डाण अशी मांडणी असेल तर बदलून घ्या. डायव्हिंग आणि विमान यांत किमान १२ तासांचं अंतर लागतं. स्कूबा दुसऱ्या दिवशी, किल्ला शेवटच्या सकाळी, एवढा बदल कुठलाही टूरवाला जादा पैसे न घेता करून देतो.