सी किंगचं १:७२ डायकास्ट मॉडेल: नऊ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत घेतलेल्या वेस्टलँड सी किंग हेलिकॉप्टरच्या डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या, मॉडेलला आता नऊ महिने झाले. एक उन्हाळा आणि मुंबईचा एक अख्खा पावसाळा त्याने काढला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. ब्रिटिश हवाई दलाच्या बचाव पथकातला हा पिवळाधमक एचएआर ३ प्रकार. कस्टम ड्यूटी धरून साडेनऊ हजारांना पडला. खरं तर मला आपल्या नौदलाचा हवा होता. लहानपणी कुलाब्याला मावशीकडे राहायला गेलं की खिडकीची तावदानं थरथरायला लागायची, आणि गच्ची गाठेपर्यंत राखाडी सी किंग समुद्रावर पोचलेला असायचा. तो रंग मिळाला नाही, पण घाट तोच आहे. होडीसारखं पोट, दोन्ही बाजूंना तरंगे, डोक्यावर पाच पाती.

मॉडेल हातात घेतलं की जस्ताच्या मिश्रधातूचं वजन आणि गारवा लगेच जाणवतो. उजव्या दारावरची माणसं वर ओढून घ्यायची विंच माझ्या करंगळीच्या नखाएवढी आहे, तरी तिच्यावरची रंगाची कड कुठे ओघळलेली नाही. शेपटीच्या पंख्याची पाती भिंग लावून मोजली. सहा भरली. वेस्टलँडच्या एचएआर ३ ला सहा असतात, मूळच्या अमेरिकन सिकॉर्स्की सी किंगला पाच. इथे कंपनीने अभ्यास केलाय.

पहिली अडचण शोकेसची. खऱ्या सी किंगच्या रोटरचा, म्हणजे डोक्यावरच्या फिरत्या पात्यांचा, व्यास १८.९ मीटर, म्हणजे या बहात्तर पट लहान मॉडेलात सव्वासव्वीस सेंटिमीटर. माझं शोकेस आतून नऊ इंच खोल, म्हणजे तेवीस सेंटिमीटरही नाही. पाच पाती कशीही फिरवली तरी रुंदी पावणेचोवीस सेंटिमीटरच्या खाली येत नाही, आणि काच काही लागेना. दोन पात्यांच्या ह्युई हेलिकॉप्टरचं बरं असतं, पाती शेपटीच्या रेषेत वळवली की रुंदीचा प्रश्नच मिटतो. शेवटी सुताराकडून तेरा इंची फळी करून घेतली, वर काचेची पेटी. हेलिकॉप्टर घेणाऱ्याने आधी टेप काढावी, मग पैसे.

मे महिन्यात मुख्य तक्रार उभी राहिली. अंग धातूचं असलं तरी पाती प्लास्टिकचीच असतात, आणि दुपारचं ऊन पेटीवर यायचं. एक पातं टोकाला लवलं. बाकीची चार पट्टीसारखी सरळ आणि हे एकच मान टाकून. इतक्या किमतीत पात्यांना बरं प्लास्टिक हवं होतं, हे मी विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं नाही.

पण त्या लवलेल्या पात्याकडे बघता बघता लक्षात आलं, की बरोबर तेच आहे. जमिनीवर उभ्या हेलिकॉप्टरची लांब पाती स्वतःच्या वजनाने लवतात, आणि फिरायला लागली की केंद्रोत्सारी बलाने ताणली जातात. चाकांवर उभ्या मॉडेलला ताठ पाती म्हणजे चूकच. मग पाणी गरम केलं, उकळू दिलं नाही, आणि एकेक पातं चिमट्याने दहा-पंधरा सेकंद बुडवून, बोटांनी अलगद बाक देऊन लगेच गार पाण्यात धरलं. पाचही टोकं फळीपासून सारख्या उंचीवर आणायला दोन रविवार गेले. आता ते उड्डाण संपवून नुकतंच टेकल्यासारखं दिसतं. पेटीची जागाही बदलली, ऊन येत नाही तिथे.

पावसाळ्यात रंगाला काही झालं नाही. पोटाखालच्या दोन स्क्रूंवर मात्र गंज धरला. ते काढून पितळी बसवले आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या. जुनी डायकास्ट खेळणी घेणाऱ्यांनी जास्त जपावं. मिश्रधातूत शिशाचा अंश राहिलेला असेल तर दमट हवेत धातू आतूनच तडकत जातो, रंगाला फोड येतात, आणि त्यावर इलाज नाही. तसे फोड दिसले तर विक्रेता कितीही गोड बोलला तरी घेऊ नका.

मला हे मॉडेल मनापासून आवडतं आणि पुन्हाही घेईन. विकत घेताना अंगाचे फोटो कमी बघा, रोटरच्या दांड्याचा आणि पात्यांच्या बुडाचा जवळून फोटो मागा. माझ्याकडे आलेल्यात तिथे एक खाच सैल होती, पाती पुसताना कळलं. पुसायचं ते जलरंगाच्या मऊ ब्रशने, बुडाकडून टोकाकडे, आणि दुसऱ्या हाताने पात्याला खालून आधार देऊन.