लग्न ठाण्यात की अमेरिकेत? के-१ आणि सीआर-१

जोडीदार अमेरिकी नागरिक असेल तर तिकडे जायला व्हिसाच्या दोन वाटा आहेत. के-१ वाग्दत्तांसाठी: आय-१२९एफ अर्ज, त्याआधीच्या २ वर्षांत प्रत्यक्ष भेट झाल्याचा पुरावा आणि तिथे पोहोचल्यावर ९० दिवसांत त्याच व्यक्तीशी लग्न. खरी दगदग नंतरची. ग्रीन कार्डासाठी आय-४८५ पुन्हा वेगळी फी भरून द्यायचा. वर्क परमिट येईपर्यंत नोकरी नाही. त्या काळात ॲडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) न घेता भाचीच्या लग्नाला ठाण्याला आलात, तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

सीआर-१ हा नवरा-बायकोसाठीचा व्हिसा: आधी लग्न, मग आय-१३० अर्ज. इथली वाट पाहणं जास्त, पण उतरल्या दिवसापासून कायम रहिवासी आणि नोकरीला मोकळे. लग्नाला २ वर्षं झाली नसतील तर कार्ड सशर्त मिळतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत अट काढण्यासाठी आय-७५१ भरायचा.

नोकरी करणाऱ्याने सीआर-१ च घ्यावा. विशेष विवाह कायद्याने लग्न करणार असाल तर ३० दिवसांची नोटीस धरून चाला. महापालिकेचा लग्नाचा दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. पोलीस क्लिअरन्स (गुन्हा नोंद नसल्याचा दाखला) दोन्ही व्हिसांना लागतो, पासपोर्टवर पत्ता जुना असेल तर तो तिथेच रखडतो.