जुने लान्ड्सक्नेख्ट म्हणून विकलेली नक्कल : फसवणुकीचा अनुभव

उत्पादन बंद झालेले 28 मिमीचे लान्ड्सक्नेख्ट भालाईत (रंगवायच्या धातूच्या छोट्या शिपाई-फिगर) ‘मूळ ओतकाम’, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या साच्यातून निघालेला माल म्हणून आमच्या गटाने एका परदेशी विक्रेत्याकडून घेतले. पैसे मूळ मालाचे गेले, हाती नक्कल आली.

सगळ्या फिगर काळा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारून आल्या होत्या. रंगवायला सोपं जावं म्हणून, असं विक्रेत्याचं म्हणणं. प्रायमर अ‍ॅसिटोनने काढल्यावर खरं कारण दिसलं: खालचे दोष झाकायचे होते. (अ‍ॅसिटोन धातूलाच वापरा, प्लास्टिक विरघळतं आणि रेझिन खराब होतं.)

नक्कल करणारा विकत घेतलेली फिगरच नमुना म्हणून रबराच्या साच्यात दाबतो. त्यात उथळ खाचा बुजतात आणि लान्ड्सक्नेख्टची सगळी शान तर खाचांतच असते. 1525 साली इटलीत पाव्हियाला लढलेल्या या जर्मन भाडोत्री शिपायांची ओळख म्हणजे चिरा दिलेल्या फुगीर बाह्या. चीर बुजली की वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) साचायला जागाच राहत नाही आणि बाही सपाट दिसते. आमच्या फिगरवर काट्सबाल्गर तलवारीच्या मुठीजवळचा नागमोडी दांडा नुसता गोळा झाला होता. भाला पाच मीटरचा, म्हणजे या मापात सुमारे 9 सेंमी. तो बसवायला पंजात 1 मिमीचं ड्रिल फिरवलं, तर बोटंच तुटली.

पक्का पुरावा साच्याच्या रेघेत, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उठणाऱ्या रेघेत सापडतो. मूळ फिगरवर ती एकच असते. नकलेवर जुन्या रेघेचा पुसट माग राहतो आणि शेजारून नवी रेघ जाते. सगळ्यांवर एकाच जागी तोच खड्डा असेल तरी संशय घ्या. पायाखालचा कंपनीचा कोड कानशीने घासलेला होता, विक्रेत्याच्या मते ‘बेस सपाट बसावा म्हणून’. कागदावर घासून करडी रेघ उठली तर धातूत शिसं भरपूर आहे एवढंच कळतं. जुन्या मूळ फिगरमध्येही शिसं असतं, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल देऊ नका.

प्रायमर मारलेला माल कोऱ्या धातूच्या भावाने घेऊ नका. आधी पायाच्या तळाचा आणि बाहीचा जवळून फोटो मागवा. पेपॅलवर ‘मित्र-परिवार’ पर्यायाने पैसे मागितले तर व्यवहार तिथेच थांबवा, त्यात खरेदीदाराला संरक्षण नसतं. वस्तूखरेदीच्या पर्यायाने दिले असतील तर 180 दिवसांत तक्रार करता येते. त्यासाठी एक-दोन फिगर प्रायमरसकट तशाच ठेवा आणि विक्रेत्याचं ‘मूळ ओतकाम’ लिहिलेलं वर्णन जपून ठेवा.