डस्ट माइटची ॲलर्जी: आधी अंथरूण की थेट लस?

दमा आहे आणि प्रिक टेस्टमध्ये (कातडीवर टोचून करायची ॲलर्जीची तपासणी) डस्ट माइटची गांध ठसठशीत उठली, की घरात सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं गादी फेका, कुणी म्हणतं ॲलर्जीची इंजेक्शनं घ्या, एखादा भाचा प्युरिफायरची लिंक पाठवतो. खर्च करण्याआधी एवढं बघा, की अंथरूण झटकताना किंवा घर झाडताना खरंच धाप लागते का? दमा नसलेल्या कितीतरी जणांनाही अशी गांध उठते.

माइट म्हणजे घरातल्या धुळीत, अंथरुणात राहणारा बारीक जीव, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. आपल्या कातडीचा कोंडा खातो. पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषतो. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. त्यातलं डेर पी १ हे प्रथिनं कापणारं एन्झाइम श्वासनलिकेच्या अस्तरातले पेशींचे सांधे उसवतं आणि आत शिरतं. ॲलर्जी असलेल्याच्या शरीरात त्याविरुद्ध आयजीई नावाचं प्रतिपिंड तयार होऊन मास्ट नावाच्या पेशींवर बसलेलं असतं. पुन्हा गाठ पडली की काही मिनिटांत त्या पेशींतून हिस्टामिन हे रसायन सुटतं, छाती आवळते. अनेकांत चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते, तीत इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी सूज वाढवतात. म्हणून रात्री माळ्यावरची अंथरुणं काढली, तर पहाटे त्रास पुन्हा उचल खाऊ शकतो.

आता अंथरूण. इथे तुमचा तालुका महत्त्वाचा. हवेतली आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांखाली राहिली तर माइट सुकून मरतो. माण, खटाव, जत, आटपाडीत उन्हाळ्यात ऊन हे काम बरंचसं करतं. पाटण, शिराळा, महाबळेश्वरात पावसाळ्याचे चार महिने त्याला मेजवानीच. (थंड हवेच्या ठिकाणी दमेकऱ्याला बरं वाटतं म्हणतात, ते आल्प्समधल्या कोरड्या डोंगरांचं खरं, महाबळेश्वरच्या धुक्याला ते लागू करू नका.) पण माइट मेला तरी विष्ठा जागेवरच राहते, ती धुऊनच जाते. म्हणून मला कापसाच्या जाड गादीपेक्षा आपली वाकळ बरी वाटते. निदान ती ६० अंशांच्या पाण्यात बुडवता तरी येते. गादी पिंजून घेतली तरी कापूस जुनाच, आणि पिंजताना दमेकऱ्याने तिथे थांबूच नये.

गादी-उशीला चेनची, घट्ट विणीची कव्हरं घालायची का? वयावर आहे. ब्रिटनमध्ये ११२२ प्रौढांवरचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नुसत्या कव्हरांनी दमा सुधारला नाही. २०१७ मधल्या मुलांच्या अभ्यासात मात्र झटक्यामुळे दवाखाना गाठावा लागलेली मुलं साध्या कव्हरांच्या गटात सुमारे ४२ टक्के होती, माइटरोधक कव्हरांच्या गटात २९. मूल असेल तर मी बिनदिक्कत घेईन. मोठ्या माणसाने फार आशा धरू नये.

प्युरिफायरवर फार वेळ नको. ही विष्ठा जड असते, उडाली तरी थोड्याच वेळात खाली बसते. हवेत जे नाहीच, ते यंत्र ओढणार कसं?

लस म्हणजे माइटचाच अर्क ठरावीक डोसांत देऊन शरीराला त्याची सवय लावणं, इंजेक्शनातून किंवा जिभेखाली. हा मार्ग लांबचा, किमान तीन वर्षांचा. इंजेक्शनं सुरुवातीला साधारण आठवड्याला, पुढे महिन्याला. दर वेळी अर्धा तास दवाखान्यात बसावं लागतं, कारण क्वचित जीवघेणी रिॲक्शन येते. जतहून मिरजेला खेपा घालणाऱ्याने आधी रजा आणि एसटीचा हिशेब मांडावा. जिभेखालच्या औषधाचा पहिला डोस डॉक्टरांसमोर, पुढचे घरी. पण रोज न चुकता. सुरुवातीला तोंड खाजतं. दम्यासोबत शिंका आणि चोंदलेलं नाक असेल, तर या मार्गाचा विचार जरूर करावा. मात्र दमा आटोक्यात नसेल किंवा फुंकण्याच्या तपासणीत एफईव्ही१ (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) अपेक्षेच्या ७० टक्क्यांहून कमी असेल, तर लस सुरू करायची नसते.

आणि यातलं काहीही निवडलं तरी स्टिरॉइडचा पंप स्वतःच्या मनाने बंद करायचा नाही. ‘पंपाची सवय लागते’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना चहा पाजा, सल्ला घेऊ नका.

लसच ठरली, तर बाटलीत काय आहे ते डॉक्टरांना विचारा. माइट, परागकण, बुरशी, झुरळ सगळं एकत्र भरलेलं असेल तर कारण विचारा. बुरशी आणि झुरळाच्या अर्कातली एन्झाइमं परागकणांचा अर्क निकामी करू शकतात.